जुना 'स्पेस इन्व्हेडर्स' घरच्या कॉम्प्युटरवर चालतो, तेव्हा आत काय चाललेलं असतं?

मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 च्या वर गेला की दुपारी घराबाहेर पडायची सोय राहत नाही. पोरं कॉम्प्युटरला चिकटतात, यूट्यूबवर कुणीतरी जुन्या व्हिडिओ गेमचा इतिहास सांगत असतो, आणि मग घरातल्या मोठ्यांकडे प्रश्न येतो: "ओ काका, ते स्पेस इन्व्हेडर्स अख्खं आठ केबीचं असतंय म्हणं. व्हॉट्सॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोबी त्याच्यापेक्षा मोठा असतोय. मग डबल क्लिक केल्यावर चालू का होईना?"

प्रश्न रास्त आहे. 'स्पेस इन्व्हेडर्स' हा जपानच्या टायटो कंपनीचा 1978 सालचा, नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा गेम. तळाला आपली तोफ, तिच्यापुढे चार आडोसे, आणि वरून पाच ओळींत सरकत येणारे 55 परग्रहवासी. टोमोहिरो निशिकाडो या माणसाने जवळपास वर्षभर खपून गेम तर लिहिलाच, पण तो ज्या यंत्रावर चालायचा ते यंत्रही स्वतःच रचलं. त्या यंत्राचा प्रोसेसर 2 मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 20 लाख ठोक्यांचा होता. तुमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर 3 गिगाहर्ट्झचा असेल, तर नुसत्या ठोक्यांच्या हिशोबानेच तो दीड हजार पट वेगवान झाला.

तरी गेम थेट चालत नाही. मध्ये एक प्रोग्राम लागतो, आणि गंमत अशी की त्या प्रोग्रामच्या कामातला मोठा भाग म्हणजे थांबून राहणं. हे असं का, ते पाहू.

फाइल आहे, पण यंत्र कुठे आहे?

सोलापूरकराला हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. चादरीवर मोर उमटतो तो मागावर बसवलेल्या जकार्ड या यंत्रामुळे. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. पुठ्ठ्याला जिथे भोक असेल तिथले उभे धागे वर उचलले जातात, नसेल तिथले खाली राहतात, मधून धोटा जातो आणि एक आडवा धागा पडतो. मग पुढचा पुठ्ठा. आता ती माळ मागावरून उतरवून घरी आणा आणि उलटसुलट करून पाहा. मोर कुठेच दिसणार नाही. दिसतील ती भोकं. माळेचा मोर व्हायला त्याच मापाचा, तेवढ्याच आकड्यांचा जकार्ड लागतो.

गेमची फाइल म्हणजे ही माळ. मूळ यंत्रात ती रॉममध्ये असायची. रॉम म्हणजे ज्यातली माहिती लाइट गेली तरी पुसली जात नाही अशी चिप. तिच्यातून उतरवून घेतलेल्या फाइललाही लोक रॉमच म्हणतात. 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या रॉमची झिप उघडलीत तर आत मूळच्या 2-2 केबीच्या चार फाइली सापडतात, चार चिप्सच्या चार. त्यातल्या सूचना इंटेल 8080 या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या आहेत. तुमच्या कॉम्प्युटरवर इंटेलचं स्टिकर असलं म्हणून भागत नाही. आजच्या इंटेलला 8080 च्या सूचना जशाच्या तशा कळत नाहीत.

आणि प्रश्न फक्त प्रोसेसरचा नाही. 8080 ला एक अडचण होती. पडद्यावरचं चित्र थोडं बाजूला सरकवायचं तर ठिपक्यांची रांग पुढे ढकलावी लागते, आणि 8080 एका सूचनेत ती एकच घर ढकलू शकायचा. 55 परग्रहवासी असे ढकलत बसलो तर वेळ पुरणार नाही, म्हणून या सरकवण्यासाठी यंत्रात एक वेगळी चिप बसवली होती. गेमचा प्रोग्राम त्या चिपला आकडा देतो, किती घरं सरकवायचं ते सांगतो आणि उत्तर परत मागतो. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ती चिप नाही. म्हणजे कुणी तरी 8080 च्या सूचना समजून घेतल्या तरी प्रोग्राम पहिल्याच मिनिटाला या चिपकडे उत्तर मागणार आणि कुणीच बोलणार नाही.

इथे येतो एम्युलेटर: एका यंत्राच्या पोटात राहून दुसऱ्या यंत्रासारखं हुबेहूब वागणारा प्रोग्राम. तो रॉममधली एक सूचना उचलतो, 8080 ने तिचं काय केलं असतं ते पाहतो, तेवढं करतो, आणि खऱ्या 8080 ला तिला किती ठोके लागले असते याची नोंद ठेवतो. सरकवणाऱ्या चिपकडे प्रश्न गेला की तिच्या वतीने उत्तरही हाच देतो. पडदाही तोच सांभाळतो. मूळ पडद्यावर 256 गुणिले 224 ठिपके होते, प्रत्येक एक तर पेटलेला नाही तर विझलेला. एका बाइटमध्ये 8 ठिपके मावतात, तेव्हा अख्खा पडदा 7,168 बाइटमध्ये बसायचा. एम्युलेटर या बाइटवर नजर ठेवून तुमच्या स्क्रीनवर तसे ठिपके काढतो. मूळ यंत्रात पडदा आडवा पाडून बसवलेला होता, म्हणून चित्र पाव वळसा फिरवायचं कामही त्याच्याच गळ्यात.

जकार्डची उपमा एका जागी तोकडी पडते, तेही सांगून टाकतो. पुठ्ठे एकामागून एक ठरल्या क्रमाने येतात. गेमच्या सूचना तशा येत नाहीत. तुम्ही बटण दाबलं की नाही, गोळी लागली की नाही, यावरून प्रोग्राम पुढच्या-मागच्या सूचनेवर उडी मारतो. त्यामुळे एम्युलेटरला आधीच सगळं विणून ठेवता येत नाही.

या कामाचा सगळ्यात मोठा एम्युलेटर म्हणजे 'मेम'. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने त्याची पहिली आवृत्ती फेब्रुवारी 1997 मध्ये काढली. आज त्यात हजारो जुन्या यंत्रांचं वागणं लिहून ठेवलेलं आहे आणि 2016 पासून तो पूर्णपणे मुक्त परवान्याखाली मिळतो. तो बनवणाऱ्यांच्या लेखी गेम खेळता येणं हा दुय्यम फायदा आहे. खरा हेतू ही यंत्रं कशी चालायची याची नोंद टिकवणं हा.

मग लहानपणीचा '9999 इन 1' काय होता?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना '9999 इन 1'ची कार्ट्रिज आठवत असेल. (9999 कसले, मोजून काही गेम आणि बाकी त्यांचीच नावं बदलून.) त्यावर बऱ्याचदा 'गॅलॅक्सियन' असायचा. नामको कंपनीचा हा 1979 चा अंतराळातला गेम.

तो एम्युलेटर नव्हता. त्याला पोर्ट म्हणतात, म्हणजे तोच गेम दुसऱ्या यंत्रासाठी नव्याने लिहून काढणं. जुनी माळ बाजूला ठेवायची आणि चादर समोर ठेवून, वेगळ्या मागासाठी त्या मोराचे नवे पुठ्ठे मारायचे. मोर ओळखू येतो, पण पिसं कमी-जास्त होतात. 1980 साली 'स्पेस इन्व्हेडर्स'चा पोर्ट अटारी 2600 या घरगुती यंत्रावर आला, तेव्हा 55 चे 36 परग्रहवासी उरले होते. त्या यंत्राला काम करायला जेमतेम 128 बाइटची मेमरी होती, त्यात 36 बसवणं हीच करामत. लोकांनी तरीही नुसता तो गेम घरी खेळता यावा म्हणून अटारी विकत घेतला.

थोडक्यात, पोर्टमध्ये गेम बदलतो; एम्युलेटरमध्ये गेम तोच राहतो आणि तुमचा कॉम्प्युटर जुन्या यंत्राचं सोंग घेतो. "लहानपणी खेळलो तो असा नव्हता" अशी तक्रार करणारे बहुतेक जण लहानपणी पोर्ट खेळलेले असतात.

दीड हजार पट वेगवान, तर गेम सुसाट का पळत नाही?

पळाला असता. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीचा वेग 4.77 मेगाहर्ट्झ होता, आणि त्या काळच्या अनेक गेमनी तोच वेग गृहीत धरला होता. पुढे वेगवान कॉम्प्युटर आले आणि ते गेम खेळण्यापलीकडे सुसाट झाले. 386 आणि 486 या प्रोसेसरच्या काळात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना कॅबिनेटवरचं 'टर्बो' लिहिलेलं बटण आठवेल. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग कॉम्प्युटर हळू करण्याचा होता.

एम्युलेटर हे काम जास्त नेमकं करतो. पडदा सेकंदाला साधारण 60 वेळा नव्याने रंगतो, आणि अशा एका वेळच्या चित्राला फ्रेम म्हणतात. 2 मेगाहर्ट्झचे 60 भाग केले की एका फ्रेमच्या वाट्याला 33 हजार ठोके येतात. एम्युलेटर तेवढ्या ठोक्यांचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो आणि पुढची फ्रेम यायची वेळ होईपर्यंत गप्प बसतो.

तो बसला नाही तर काय होईल, हे या गेममध्ये विशेष चांगलं दिसतं. तुम्ही खेळलेला असाल तर माहीत असेल: सुरुवातीला परग्रहवाशांची फौज डुलत डुलत येते, जसजसे ते मरतात तसतसे उरलेले चपळ होतात, आणि शेवटचा एकटा राहिला की तो पिसाटल्यासारखा धावतो. ही अडचण वाढवण्यासाठी मुद्दाम घातलेली युक्ती वाटते. मुळात ती यंत्राची मर्यादा होती. प्रोसेसरला दर फ्रेमला एकच परग्रहवासी पुसून नव्या जागी काढणं परवडायचं. 55 जण जिवंत असले की सगळ्यांचं एक-एक पाऊल पडायला 55 फ्रेम, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागतो. 10 उरले की तेच काम 10 फ्रेममध्ये. एकच उरला की त्याचा नंबर दर फ्रेमला लागतो, सेकंदाला 60 पावलं. निशिकाडो यांच्या हे लक्षात आलं, खेळायला मजा येते हेही लक्षात आलं, आणि त्यांनी ते तसंच ठेवलं.

आता या रॉमला मोकाट 3 गिगाहर्ट्झ दिले तर पहिल्या सेकंदातच फौज जमिनीवर उतरेल. गेमची चढती लय, तळाशी वाजणारे चार सूर जलद होत जाणं, पोटात येणारा गोळा, हे सगळं त्या 33 हजार ठोक्यांच्या हिशोबावर उभं आहे. म्हणून चांगला एम्युलेटर कोणता हे तो किती वेगाने पळतो यावर ठरत नाही. तो मूळ यंत्राइतकाच मंद राहतो का, हे पाहायचं.

रंग, आवाज आणि गेलेली लाइट

मूळ पडदा काळा-पांढरा होता. रंग दिसायचे ते त्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. तोफ हिरव्या पट्टीखाली, उडती तबकडी वरच्या लाल पट्टीखाली. एम्युलेटरला या पट्ट्यांचंही गणित ठेवावं लागतं, कारण रॉममध्ये रंग नाहीतच. आवाजही रॉममध्ये नव्हते, ते सर्किटमधून निघायचे. म्हणून बराच काळ 'मेम'मध्ये खऱ्या यंत्रावरून रेकॉर्ड केलेले आवाज वेगळ्या फाइलीतून वाजवले जायचे.

हाय स्कोअरची गोष्ट तर आपल्याकडे सांगायलाच हवी. मूळ यंत्रात तो पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असायचा. लाइट गेली की स्कोअर शून्य. तेव्हा ऐन रंगात आलेला डाव सोलापूरच्या उन्हाळ्यातल्या भारनियमनाने बुडाला, तर तो मूळच्या इतिहासाला धरूनच बुडाला असं समजा.

"बटण दाबलं तरी तोफ उशिरा हलते"

ही तक्रार खरी असते आणि दोष बहुधा एम्युलेटरचा नसतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर सिग्नल आला की लगेच उमटायचा. आजचा एलईडी टीव्ही चित्र आधी साठवतो, त्याला उजळ-गुळगुळीत करतो, मग दाखवतो. त्यात काही फ्रेम जातात. एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. समजा टीव्हीने 4 फ्रेम खाल्ल्या. शेवटचा परग्रहवासी डावीकडे जाताना दर फ्रेमला 2 ठिपके सरकतो, म्हणजे तुम्हाला दिसतो तिथून तो प्रत्यक्षात 8 ठिपके पुढे गेलेला असतो. सर्वांत वरच्या ओळीतला परग्रहवासी मुळात 8 ठिपकेच रुंद आहे. नेम बरोबर धरूनही गोळी रिकामी जाते ती यामुळे. त्यात पडद्यावर आपली एका वेळी एकच गोळी असू शकते. चुकलेली गोळी वर पोचेपर्यंत हात बांधलेले.

उपाय फुकटचे आहेत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर सुरू करा. ब्लूटूथऐवजी वायरचा कीबोर्ड किंवा कंट्रोलर घ्या. कॉम्प्युटरचा साधा मॉनिटर असेल तर 55 इंची टीव्हीचा मोह सोडा.

दुसरा घोळ कीबोर्डचा. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणांखाली तारांची उभी-आडवी जाळी असते, आणि ठरावीक तीन बटणं एकदम दाबली तर तिसरं दाबलं आहे की नाही हे त्याला ठामपणे कळत नाही, म्हणून तो ते सोडून देतो. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये एक बाण आणि एक गोळी, दोनच बटणं, त्यामुळे निभावतं. पण 1981 च्या 'डिफेंडर'मध्ये वर-खाली करायचा दांडा आणि शिवाय पाच बटणं होती. तिथे साधा कीबोर्ड हात टेकतो. 'मेम'ने गोळीसाठी डावं कंट्रोल बटण ठरवलंय ते बरंच आहे, कारण हे बटण बहुधा या घोळातून सुटलेलं असतं.

हे चोरीचं तर नाही ना?

एम्युलेटर आणि रॉम या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढायच्या. एम्युलेटर हा त्याच्या लेखकांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम आहे. प्लेस्टेशनचा एम्युलेटर विकणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीविरुद्ध सोनी कोर्टात गेली तेव्हा अमेरिकेतल्या अपील कोर्टाने 2000 साली कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, पण जगभर या विषयात त्याचाच दाखला देतात.

रॉमचं तसं नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीचं संरक्षण आहे आणि ते लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं चालतं. "एवढा जुना झालाय, आता कोण विचारतंय" हा युक्तिवाद कट्ट्यावर ठीक, कायद्यात त्याला जागा नाही. गेम दुकानात मिळेनासा झाला म्हणून हक्क संपत नाहीत. कंपनी विकली गेली तर हक्क नव्या मालकाकडे जातात. टायटो 2005 मध्ये स्क्वेअर एनिक्सकडे गेली, तिचे गेमही गेले. कायदेशीररीत्या तुमच्याकडे असलेल्या प्रोग्रामची सुरक्षेसाठी एक प्रत ठेवायला कायद्याची मुभा आहे, पण ज्याच्याकडे मूळ यंत्राचा बोर्ड आहे त्याचा हा विषय, आणि असा माणूस सोलापुरात मला तरी भेटलेला नाही. नव्या पेठेत किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या "दहा हजार गेम" भरलेल्या स्टिकवरही मालकांची परवानगी असेल अशा भ्रमात राहू नका.

सरळ वाटा आहेत. 'मेम'च्या अधिकृत संकेतस्थळावर मालकांनीच बिगरव्यावसायिक वापरासाठी मोकळे केलेले थोडे रॉम ठेवले आहेत. त्यात एक्झिडी कंपनीचा 'स्टार फायर' आहे, आणि तो अंतराळातल्या लढाईचाच गेम आहे. नामकोचा 1981 चा 'गॅलागा' 2016 पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो. आणि कुठूनही काही उतरवलंत तर एवढं बघा: रॉमच्या झिपमध्ये ईएक्सई फाइल, म्हणजे डबल क्लिकने थेट चालू होणारा प्रोग्राम, असायचं काहीच कारण नाही. दिसली तर न उघडता उडवा.

"एवढी खटपट करण्यापेक्षा नवा चकाचक गेम खेळा की"

खेळा. दोन्ही खेळा. पण जुन्या यंत्राची नक्कल इतकी काटेकोर का करायची, याचं एक उत्तर हाताने तपासता येण्यासारखं आहे.

परग्रहवाशांच्या डोक्यावरून साधारण दर 25 सेकंदांनी एक तबकडी जाते. ती पाडली की कधी 50 गुण मिळतात, कधी 100, कधी 150, क्वचित 300. जो तो म्हणतो नशीब. रॉममध्ये नशिबाला जागा नाही. तिथे गुणांची एक ठरलेली यादी आहे आणि तुम्ही झाडलेल्या प्रत्येक गोळीबरोबर बोट यादीत एक घर पुढे सरकतं. तबकडी डावीकडून येणार की उजवीकडून, तेही गोळ्यांची संख्या सम की विषम यावर ठरतं. मुरलेले खेळाडू म्हणूनच गोळ्या मोजत खेळायचे. वरवरच्या नकलेत ही यादी बहुधा नसते. तिथे गुण कसेही येतात.

तेव्हा एम्युलेटर सुरू केलात की 5 दाबून नाणं टाका, 1 दाबून डाव सुरू करा आणि पहिल्या गोळीपासून मोजा. चुकलेलीही धरायची. 22 झाल्या की हात आवरा, तबकडीची वाट पाहा. तोवर किमान 8 परग्रहवासी जिवंत ठेवा, नाहीतर ती येतच नाही. तेविसावी गोळी तिला लागली तर पडद्यावर 300 यायला हवेत, आणि त्यानंतर दर पंधराव्या गोळीला पुन्हा 300.